वाऱ्यासाठी विणलेलं कापड

ऊसतोडीच्या हंगामात आम्ही कारखान्याच्या तळावर कोपीत राहायचो. बांबूच्या कमानी, वर पाचट, पाचटावर ताडपत्री आणि चारी बाजूंनी खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्या. एका मार्चमध्ये रात्री अवकाळी आली. वारा खाली शिरला की ताडपत्री पोटासारखी फुगायची आणि निसटला की थाडथाड आपटायची. उजाडल्यावर पाहिलं, तर मधला भाग धड होता. फाटला होता तो कोपरा, कडीत दोरी ओवून खुंटीला बांधलेला. वडील म्हणाले, "मधी नाही फाटत ती. जिथं वढ बसती तिथंच फाटती." आईनं दाभण आणि सुतळी काढली. पोत्याचं एक लहान ठिगळ कोपऱ्यावर बसवलं, त्याच्यावर जरा मोठं, त्याच्यावर आणखी मोठं. तीन थरांचा तो कोपरा पुढचे दोन हंगाम टिकला.

पुढे मी इचलकरंजीत कापडाचं शास्त्र शिकलो आणि नोकरीच्या शोधात गोव्यात शिडं शिवणाऱ्या एका कार्यशाळेत जाऊन पोचलो. पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीला आलेलं एक मोठं शीड जमिनीवर पसरलेलं होतं आणि त्याचा मागचा खालचा कोपरा उसवायचं काम माझ्याकडे आलं. एक थर निघाला, खाली दुसरा, त्याखाली तिसरा; प्रत्येक थर वरच्यापेक्षा लहान. दोरीची सगळी ओढ एका कडीवर येते, ती पायरी-पायरीनं उरलेल्या कापडात वाटून द्यायची, यासाठी ती रचना. त्या कार्यशाळेत हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आईच्या हाताखाली ते पाहून झालं होतं.

बीड जिल्ह्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अशा जिल्ह्यातल्या माणसानं शिडांवरच्या मराठी लेखसंग्रहाचं संपादन का करावं, असं या कामात मला अनेकदा विचारलं गेलं. तो कोपरा हे माझं एक उत्तर आहे. दुसरं उत्तर आमच्या रानात उगवतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या वाटाड्या ग्रंथात दख्खनमधली दोन गावं आहेत: पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर. पैठण आमच्या वरच्या अंगाला गोदावरीकाठी, तेर खालच्या अंगाला धाराशिव जिल्ह्यात. बीडचा मुलूख या दोहोंच्या मध्ये. पैठणहून अकीक आणि तेरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोच बंदराला जाई, असं त्यात नोंदवलेलं आहे. भडोचहून जहाजं मोसमी वाऱ्यावर लाल समुद्रात शिरत. तिथं, इजिप्तच्या किनाऱ्यावर, बेरेनिके आणि मायोस होर्मोस ही दोन बंदरं गेल्या काही दशकांत उकरून काढली गेली. कोरड्या वाळूत शिडांचे तुकडे मिळाले. कापड सुती होतं, त्यावर मजबुतीसाठी सुती पट्ट्या शिवलेल्या होत्या. सुताचा पीळ पाहिला तर तो इजिप्तच्या सूतकताईच्या उलट दिशेचा, भारतीय पद्धतीचा निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी भारताचं कापड भारताच्याच कापडाच्या शिडांवर परदेशी जात होतं, याचा हा हातात धरता येणारा पुरावा. सरकीसकट कापूस मिळेल त्या भावानं विकण्यापलीकडे कापसाचं काही होतं, हे आमच्या मुलांना कुणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटलं.

आता मूळ प्रश्नाकडे: शीड काम कसं करतं? शीड म्हणजे वारा अडवणारं कापड, अशी आपली समजूत असते. वारा पाठीमागून असेल तर ती पुरेशी आहे. पण नौका वाऱ्याकडे तिरपी जाऊ लागली की शीड पक्ष्याच्या पंखासारखं काम करतं. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहतो, बाहेरच्या फुगीर बाजूनं जास्त वेगानं, आणि त्यातून नौकेला पुढे ओढणारा जोर तयार होतो. बालाघाटाच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्कीचं पातं याच तत्त्वानं फिरतं. फरक एवढाच की पातं कडक असतं. शीड मऊ कापडाचं, आणि तरी त्यानं आपला आकार धरून ठेवायचा असतो. शीड शिवणाऱ्याची सगळी विद्या या एका मागणीभोवती फिरते.

जोर किती, तेही सांगतो. वीस नॉट, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर वाऱ्यात दर चौरस मीटरला ढोबळमानानं साडेसहा किलोचा दाब बसतो. मध्यम आकाराच्या सफरी नौकेचं मोठं शीड ४० चौरस मीटरचं धरलं तर अडीच क्विंटलहून जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. चाळीस नॉटला तेच शीड दहा क्विंटलच्या पुढे जातं. म्हणून वारा वाढला की खलाशी शीड आखडून लहान करतो. आणि हे ओझं पोत्यासारखं स्थिर नसतं. प्रत्येक लाटेला ते वाढतं, उतरतं, हिसका देतं.

हे ओझं पेलतो धागा, आणि धागा फक्त आपल्या लांबीच्या दिशेनं पेलतो. घरात जुनं धोतर असेल तर हातात घ्या. उभ्या धाग्याच्या, म्हणजे ताण्याच्या दिशेनं ओढा. फारसं ताणलं जात नाही. आडव्या धाग्याच्या, बाण्याच्या दिशेनं ओढा; तसंच. आता कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपं ओढा. कापड लांबतं, अरुंद होतं, चौकटीचे शंकरपाळे होतात. तिथं धागा पेलायला हजरच नाही. पेलतं ते फक्त विणीचं घर्षण. आजच्या नौकांचं शीड बहुधा त्रिकोणी असतं, त्याचे तीन कोपरे तीन दिशांना ओढले जातात, आणि त्यातली कुठली ना कुठली ओढ तिरपी पडतेच. हजारो वर्षं शीडकारांनी जे जे शोधलं, मग ते नवं सूत असो, नवी वीण, नवा काप किंवा नवा लेप, त्यातलं बहुतेक सारं या तिरप्या ओढीवरचे उपाय आहेत. संग्रहातला कुठलाही लेख उघडलात आणि वाट चुकली असं वाटलं, तर धोतराचा तो कोपरा आठवा.

दुसरी एक गोष्ट नवख्याला माहीत हवी. शीड सपाट नसतं. त्याला पोट असतं आणि ते पोट शिवून आणावं लागतं. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या शिंप्याला हे समजावायची गरज नाही: दोन पट्ट्यांच्या कडा जराशा वक्र कापायच्या आणि सरळ असल्यासारख्या जोडायच्या, की कापडात खोलगटपणा येतो. पोटाची सर्वांत खोल जागा पुढच्या कडेपासून किती अंतरावर आहे, यावर नौकेची चाल ठरते. ती साधारण मधल्याच्या थोडी पुढे असावी. कापड जुनं होऊन ताणलं की पोट खोल होतं आणि मागे सरकतं. मग नौका पुढे जाण्याऐवजी जास्त कलंडते आणि सुकाणूवर हात दुखू लागतो. म्हाताऱ्या शिडाची ही पहिली खूण आहे. ते फाटेपर्यंत वाट पाहणारे खलाशी त्याआधी कित्येक वर्षं हळू आणि कलंडत चाललेले असतात.

आपल्याकडच्या शिडांचं सर्वांत सुंदर चित्र मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलं आहे. तीन डोलकाठ्या ओळीनं, त्यांवर उंच, अरुंद, चौकोनी शिडं, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळा. या चित्रावरून अलीकडे नौदलानं एक जहाज प्रत्यक्ष बांधून घेतलं. फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या, खिळा नाही. मे २०२५ मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावानं नौदलात आलं, त्याच डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. लेण्यातल्या चित्राचं शीड पुन्हा वाऱ्यावर गेलं, ही बातमी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी मी हा संग्रह पुरा करायचं ठरवलं.

कोकणच्या किनाऱ्यावर मात्र राज्य केलं तिरप्या शिडानं. गलबत, मचवा, पडाव, शिबाड, सगळ्यांना ते. डोलकाठीवर एक लांब तिरपी काठी, कोळी तिला परबाण म्हणतात, आणि तिच्यावर लोंबणारं मोठं शीड. शिवाजी महाराजांच्या आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराची गुराबं-गलबतं वाऱ्यावर चालली ती सुती कापडावर. या किनाऱ्यावर डोंगरी नावाचं जाडंभरडं सुती कापड तंबूंना आणि शिडांना वापरलं जाई. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द त्याचाच, आणि मुंबईच्या डोंगरी भागाशी त्याचं नातं सांगतात. या शिडांमध्ये कापडाचे पट्टे मागच्या कडेला समांतर, उभे जोडलेले असत. इंजिनं आली तशी ही शिडं मागे पडली, आणि ती शिवणारे हातही. त्या हातांची मौखिक माहिती गोळा करायला आपण फार उशीर केला आहे, असं मला मनापासून वाटतं. संग्रहातला या विषयावरचा भाग त्यामुळेच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

युरोपात शिडं जवसाच्या आणि तागासारख्या झाडांच्या सालीच्या धाग्याची असत. मजबूत, पण वीण सैल. वारा आरपार जाई. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवती झालेल्या शर्यतीत 'अमेरिका' नावाची नौका यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती शिडांवर आली आणि इंग्रजांच्या नौकांना मागे टाकून गेली. पुढची शंभर वर्षं हौशी नौकांच्या शिडांवर कापसाची होती. त्यासाठी लांब धाग्याचा इजिप्तचा कापूस नावाजला गेला.

सुती शीड सांभाळणं हे जनावर सांभाळण्यासारखं होतं. नवी बैलजोडी पहिल्याच दिवशी खोल नांगराला जुंपत नाहीत, तसं नवं शीड हलक्या वाऱ्यात कित्येक तास नुसतं चढवून, हळूहळू ताणून घ्यायचं. घाई केली की त्याचा आकार कायमचा बिघडे. भिजलं की आखडे, ओलं गुंडाळलं की बुरशी धरे. तरीही त्याच काळात एक मोठी सुधारणा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नॅथॅनियल हेरेशॉफनं पट्टे आडवे फिरवले, मागच्या कडेशी काटकोनात. मागावर ताणा बाण्याच्या वरखाली होत जातो, त्यामुळे त्यात लाटेसारखी वळणं राहतात. ओढ बसली की आधी ती वळणं सरळ होतात आणि कापड लांबतं. बाणा ताठ आणि सरळ ठेवता येतो. शिडाच्या मागच्या कडेवर सर्वांत जास्त ओढ असते. पट्टे आडवे केल्यावर त्या कडेवर ताण्याऐवजी बाणा आला. सूत तेच, माग तोच, पण शीड कमी ताणू लागलं. हा आडवा काप आजही जगातल्या बहुतेक सफरी नौकांवर आहे.

मग पॉलिएस्टर आलं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी ते शोधलं. टेरिलीन म्हणून ते आपल्या घरांत शर्टातून आलं, टेरिकॉट म्हणून शाळेच्या गणवेशातून. अमेरिकेत त्याचं नाव डेक्रॉन, आणि शीडकारांच्या जगात आजही तेच नाव चालतं. १९५० च्या दशकात त्यानं सुती शिडांना हटवलं. ते पाणी पीत नाही, बुरशीनं कुजत नाही, ताणलं जातं फार थोडं. विणल्यावर कापड तापवून आटवतात, म्हणजे वीण आणखी घट्ट बसते. मग तप्त रुळांखालून दाबून काढतात आणि त्यात राळेसारखं रसायन जिरवतात. त्या रसायनानं धागे एकमेकांना चिकटतात आणि तिरपी ओढ आवरते. आई एकदा गोव्याला आली तेव्हा तिनं नव्या डेक्रॉनवरून हात फिरवला, बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाली, "लई खळ लावलीय याला." अगदी तेच. आणि खळीसारखीच ती झिजते. शीड वर्षानुवर्षं फडफडलं की आधी ही खळ मोडते, मग कापड मऊ पडतं, मग पोट मागे सरकतं. म्हणून विनाकारण फडफडणारं शीड पाहिलं की शीडकाराच्या जिवाला लागतं.

यानंतरचा इतिहास वेगानं धावतो आणि तो बहुतांशी शर्यतींचा आहे. १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी अ‍ॅरामिड धाग्याची वाट उघडली. तोच पुढे केव्हलार. पोलादासारखा न ताणणारा, पण उन्हानं आणि घड्यांनी खंगणारा. डायनीमा हा त्यानंतरचा अतिमजबूत पॉलिइथिलिनचा धागा. हलका, घड्यांना आणि उन्हाला चिवट, पण सततच्या ओझ्याखाली संथपणे लांबत राहणारा. कार्बन सर्वांत कमी ताणणारा आणि तीक्ष्ण घडीनं मोडणारा. असे धागे विणले तर त्यांना वळणं पडतात आणि त्यांचा गुण वाया जातो. म्हणून शीडकारांनी विणणंच सोडलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून धागे सरळ ठेवून पातळ प्लास्टिकच्या पडद्याला चिकटवलेलं थरांचं कापड आलं. पडदा सगळ्या दिशांना सारखाच ताठ असतो. तिरप्या ओढीला प्रथमच धड उत्तर मिळालं. या कापडाचे त्रिकोणी पट्टे कोपऱ्यांतून किरणांसारखे बाहेर पसरवायचे, म्हणजे धागा ओढीच्याच रेषेत राहतो. याला किरणकाप म्हणता येईल.

शेवटची पायरी म्हणजे पट्टे कापणंच बंद करणं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ सेल्स या कंपनीनं 'थ्रीडीएल' पद्धत आणली: शिडाच्या आकाराचा भलामोठा साचा, त्यावर पडदा, आणि यंत्राच्या हातानं ओढीच्या रेषांवर एकेक धागा अंथरायचा, वर दुसरा पडदा, उष्णता, दाब. पुढे त्याच कंपनीच्या 'थ्रीडीआय' पद्धतीनं पडदाही काढून टाकला. धाग्यांचे बारीक पसरवलेले थर राळेत बसवून एकसंध शीड. पवनचक्कीचं पातं काचतंतू आणि राळेतून जसं घडतं, तसंच आता शीड घडतं. कापड विकत आणून शीड शिवायचं, ही हजारो वर्षांची रीत इथं संपते; कापड आणि शीड एकाच वेळी जन्माला येतात.

आज लांबच्या सफरीला निघणाऱ्यापुढे ही सगळी घराणी एकाच दुकानात उभी आहेत. विणलेलं पॉलिएस्टर आडव्या कापात. तेच पॉलिएस्टर, पण ताण्याला बळकट विणून किरणकापात. पॉलिएस्टरमध्ये डायनीमाचे धागे गुंफलेलं विणीचं कापड, उदाहरणार्थ जर्मनीचं हायड्रानेट. महाग, पण आकार आणि आयुष्य दोन्ही सांभाळणारं. दोन्ही बाजूंनी पातळ विणीचं अस्तर दिलेलं थरांचं कापड. आणि साच्यातली शिडं. विक्रेते आकाराची भाषा बोलतात: कमी ताण, नेमकं पोट, एक-दोन अंश वाऱ्याच्या जास्त जवळ. ते खोटं नाही. शर्यतीत तेच मोजतात.

सफरीची मोजमापं वेगळी आहेत, आणि या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. दोन माणसं, किनारा पंधरा दिवसांच्या अंतरावर, शीड दिवसरात्र चढलेलं. अशा ठिकाणी प्रश्न असतो: हे फाटलं तर मी ते हातानं शिवू शकेन का? विणलेलं पॉलिएस्टर फाटतं तेव्हा फाटल्याचं दिसतं. त्याला ठिगळ लागतं, सुई जाते, दोरा धरतो. थरांचं कापड आतून सुटू लागतं. अस्तर आणि पडद्यामध्ये दमट हवा अडकून बुरशी चढते, आणि थर एकदा सुटले की समुद्रावर त्याला इलाज नाही. म्हणून बारा मीटरपर्यंतच्या नौकेसाठी, पैसा मोजका असेल तर, मी आजही आडव्या कापाचं चांगल्या विणीचं पॉलिएस्टरच सुचवतो, आणि वाचलेले पैसे कोपऱ्यांच्या थरांवर, तिहेरी शिवणीवर आणि एका जादा वादळी शिडावर खर्च करायला सांगतो. नौका मोठी झाली की उत्तर बदलतं, कारण ओझं वाढतं आणि जाड पॉलिएस्टर दोघांना उचलवतही नाही. तिथं डायनीमाची वीण आपली किंमत वसूल करते. संग्रहातल्या सगळ्या लेखकांना हे मान्य नाही. एका लेखात साच्यातल्या शिडांची बाजू फार समर्थपणे मांडली आहे आणि ती मी मुद्दाम पुढच्या भागात ठेवली आहे.

कापडाच्या चर्चेत दोऱ्याचा आणि उन्हाचा विसर पडतो. विणीच्या शिडात बहुतेक वेळा आधी मरतो तो दोरा, कारण तो कापडाच्या वर उठून राहतो, घासतो आणि उन्हात उघडा असतो. ऊन प्लास्टिकचं काय करतं हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. दोन-चार उन्हाळ्यांत शेडनेट हातात चुरतं, ठिबकच्या नळ्या तडकतात. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर शिडाचं तेच होतं. पुढचं गुंडाळतं शीड दिवसेंदिवस बंदरात गुंडाळलेलं उभं असतं, म्हणून त्याच्या बाहेरच्या कडेला अ‍ॅक्रिलिक कापडाचा एक पट्टा लावतात, ऊन खाऊन मरण्यासाठीच. तो बदलता येतो. उन्हानं न मरणारा दोराही मिळतो, टेफ्लॉनच्या जातीचा. महाग आहे, आणि माझ्या मते सफरी नौकेवर सर्वांत शहाणा खर्च तोच.

हे सगळं मराठीत आत्ताच का, तर समुद्र आपल्याकडे परत येतो आहे. खरं तर दुवा जुना आहे. जगाला एकट्यानं, कुठंही न थांबता पहिली प्रदक्षिणा घालणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही नौका मुंबईत सागवानात बांधली होती. १४ जून १९६८ ला निघून २२ एप्रिल १९६९ ला ती परतली. चाळीस वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, नौदलाचे दिलीप दोंदे मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये जगप्रदक्षिणा करून परतले. ही ५६ फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली होती. त्याच 'म्हादेई'वर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी' या नौकेवर जगप्रदक्षिणेला गेल्या. २०२४-२५ मध्ये त्याच 'तारिणी'वर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच जगाला फेरी मारली. २०२२ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत टॉमी दुसरे आले. या शर्यतीत जुन्या काळच्या साधनांनीच जायचं असतं. कार्बन, केव्हलार, डायनीमाच्या जातीच्या धाग्यांना तिथं बंदी आहे. म्हणजे साध्या पॉलिएस्टरवर माणूस आजही पृथ्वी फिरून येतो.

या सफरींवर मराठी वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं, पण त्या कापडावर कुणी लिहिलं नाही. मुंबई-गोव्यात हौशी नौका वाढत आहेत. त्यांची शिडं बहुतेक परदेशातून येतात आणि बिघडली की टाकून दिली जातात, कारण शिवणारे हात थोडे आहेत. आणि इकडे इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात माग आहेत, आमच्याकडे दाभण चालवणारी माणसं आहेत. या दोन गोष्टी एकमेकींना ओळखत नाहीत. माझी इच्छा आहे की आयटीआयमधल्या शिवणकाम शिकणाऱ्या एखाद्या मुलीनं हे पुस्तक वाचावं आणि शीड शिवणं हाही धंदा होऊ शकतो, हे तिच्या ध्यानात यावं. माझी बोटं तिथं जाऊन पोचली, तशी तिचीही पोचू शकतात.

हे पुस्तक शीड शिवायला शिकवत नाही. तसं पुस्तक कुठल्याच भाषेत हाताची जागा घेत नाही. यात आहे ती निवड करायची समज. कापड हातात घेऊन काय पाहायचं, कुठं ओढायचं, शीडकाराला कोणते प्रश्न विचारायचे, जुन्या शिडात किती जीव उरलाय हे कसं ओळखायचं, आणि समुद्रावर फाटलं तर रात्र निघेल इतपत कसं शिवायचं. कंपन्यांची नावं जिथं पद्धतीची ओळख पटवायला हवीत तिथंच ठेवली आहेत. किमती दिल्या नाहीत. छपाई होईपर्यंतच त्या जुन्या होतात. शीडकार कापडाचं वजन औंसात सांगतात, आणि तो औंस त्यांच्या खास यार्डावरचा असतो, साडेअठ्ठावीस इंच बाय छत्तीस इंचांच्या तुकड्याचा. इथं सगळीकडे ते ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये दिलं आहे; एक औंस म्हणजे सुमारे त्रेचाळीस ग्रॅम. आठ औंसांचं शीड म्हणजे तीनशे चाळीसच्या आसपास.

शब्दांविषयी आमच्यात पुष्कळ वाद झाले. कोळ्यांकडे, खलाशांकडे शब्द जिथं जिवंत आहे तिथं तोच घेतला: शीड, डोलकाठी, परबाण, सुकाणू, नाळ. मागावरचे शब्द मागवाल्यांचे घेतले: ताणा, बाणा, पीळ, खळ. जिथं मराठीत वस्तूच नव्हती तिथं नवा संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा लोकांच्या तोंडचा इंग्रजी शब्द ठेवला. डेक्रॉनला डेक्रॉनच म्हटलं आहे. 'किरणकाप' हा एकच शब्द माझा. बरा वाटला तर वापरा. कोपऱ्यावरच्या वाढत्या ठिगळांसाठी मात्र शब्द मिळेना. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी वेगवेगळं सांगितलं. शेवटी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "थराचं ठिगळ. आनखी काय म्हननार?" पुस्तकभर तेच छापलं आहे.

गेवराई, जि. बीड